फडातला मास्तर

नागपंचमीला शिराळ्याला गेलो होतो. लहानपणी पाहिलेली ती जिवंत नागांची मिरवणूक आता पूर्वीसारखी राहिली नाही, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सगळंच बदललं. पण माहेरवाशिणी मात्र अजून येतात. आमची ताईही आली होती. दुपारी पुरणाची दिंडं खाऊन सगळे जरा सैलावलो आणि ताईनं विषय काढला.

"तूच सांग रे त्याला. तुझं ऐकतो तो. तू प्राध्यापक होतास."

'तो' म्हणजे माझा भाचा. इतिहासात एम. ए., नेट झालेला, चार वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारा. पीएच. डी.चं काम निम्मं झालेलं. आता हे दोन्ही सोडून त्याला गाणी लिहायची आहेत. तीन मित्र आहेत. एक गिटार, एक ड्रम, एक हलगी आणि संबळ. आपल्याकडच्या चाली, आपल्याकडचे शब्द, पण वाजणार विजेच्या गिटारवर. ह्याला फोक-रॉक म्हणतात असं त्यानं मला समजावून सांगितलं. मी मान हलवली. प्राध्यापक मंडळींना न कळलेल्या गोष्टीवर मान हलवण्याची चांगली सवय असते :-)

दाजी इतका वेळ गप्प होते. पान जुळवता जुळवता म्हणाले, "तमाशात जायचंय त्याला. सरळ म्हणा की."

भाचा उठून बाहेर गेला. ताईनं माझ्याकडे पाहिलं. आणि तीस वर्षं वर्गात बडबड केलेल्या मला त्या वेळी एक वाक्य सुचलं नाही. सुपारी चघळत बसलो.

घरी आल्यावर मात्र दाजींचं ते वाक्य काही जाईना. कारण आमच्या भागात ते वाक्य एका माणसाच्या बाबतीत अक्षरशः खरं झालेलं आहे.

शिराळ्याहून एस.टी.नं निघालं की पेठ नाका लागतो. तिथून इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) आणि आणखी पुढे कृष्णाकाठी रेठरे हरणाक्ष. रेठरे नावाची गावं आमच्याकडे एकापेक्षा जास्त आहेत, म्हणून हरणाक्ष म्हणावं लागतं. ह्या गावात १८६६ साली कुलकर्ण्यांच्या घरात श्रीधर कृष्णाजी नावाचा मुलगा जन्मला. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं.

कुलकर्णी म्हणजे काय, हे आताच्या पोरांना आडनावापलीकडे माहीत नसतं. पाटील गावचा मुख्य, पण गावचा कागद कुलकर्ण्याच्या हातात. कुणाची किती जमीन, कुणाचा किती सारा, किती थकला, हे सगळं बोरूनं मोडीत लिहून ठेवायचं. गावात बहुतेकांना अक्षर येत नसे, त्यामुळे ह्या दप्तराचा दरारा मोठा. पिढीजात वतन, बसल्या जागी मान. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानातली कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले ते उगाच नाही. अक्षराची मक्तेदारी किती जड असते हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

तर ह्या श्रीधरनं ते दप्तर सोडलं. गावातल्या तमाशाला गाणी लिहून देता देता तो स्वतःच फडात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला. ब्राह्मणाचा मुलगा, तोही कुलकर्णी, महार-मांगांच्या फडात उठतो-बसतो, जेवतो म्हटल्यावर जातीनं त्याला बाहेर काढलं. ह्यावर त्यानं स्वतःच रचना केल्या आहेत आणि त्यात रडगाणं नाही. उलट आपण जानवं-सोवळं सोडून काय मिळवलं ह्याचा एक ताठा आहे.

आता दाजींच्या डोक्यात (आणि खरं सांगायचं तर ताईच्याही) चित्र असं आहे, की शिकलेला माणूस फडात गेला म्हणजे त्याचं शिक्षण मातीत गेलं. हे चित्र आलं कुठून, ते नंतर सांगतो. पण बापूरावांच्या वेळचा फड काय होता ते आधी बघू.

तमाशा गणानं सुरू होतो. मग गौळण, मावशी, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण शाहिरीत कलगी-तुऱ्याची एक परंपरा होती. तुरेवाले शिवाला मोठं म्हणणार, कलगीवाले शक्तीला. दोन फड समोरासमोर उभे राहून गाण्यातून एकमेकांना कोडी घालायचे. ती भेदिक शाहिरी. पुराणातला एखादा आडवळणाचा प्रसंग, वेदान्तातलं एखादं कूट, देहाचं रूपक करून विचारलेला प्रश्न. समोरच्यानं त्याच छंदात, तिथल्या तिथे, ढोलकी चालू असताना उत्तर द्यायचं. आलं नाही तर हार. आणि ऐकायला हजार माणसं, रात्रभर.

मी आयुष्यात पीएच. डी.च्या बऱ्याच तोंडी परीक्षांना बसलोय, टेबलाच्या दोन्ही बाजूंना. चहा, बिस्किटं, दोन सौम्य प्रश्न आणि अभिनंदन. सवाल-जवाबाच्या फडात आमच्यापैकी किती जण सकाळपर्यंत टिकले असते, देव जाणे. पोथ्या वाचलेला, यमक-मात्रा हाताशी असलेला, हजरजबाबी माणूस ही फडाची गरज होती. म्हणजे रेठऱ्याच्या कुलकर्ण्यानं अक्षर टाकून दिलं नाही. तेच अक्षर त्यानं दुसऱ्या दारात नेलं. गण, गौळणी, भेदिक, झगड्याच्या लावण्या, रंगबाजी, वग, माणसानं लिहिलं तरी किती! दोन लाख लावण्या म्हणतात. आकड्यात शाहिराचा हात सैल असणारच, पण त्यातला शून्य काढला, दोन शून्यं काढली, तरी एका जन्माचं काम आहे.

आणि ह्या वाटेनं जाणारा तो पहिला नव्हताच. पेशवाईच्या अखेरीला सोलापूरच्या राम जोशीनं हेच केलं होतं. घर विद्वानांचं, थोरला भाऊ मुद्गल पुराणं सांगणारा पंडित. रामभाऊ तमाशात रमले म्हणून भावानं घराबाहेर काढलं. गंमत अशी की बाहेर काढल्यावर गडी पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकून आला, कीर्तनं केली, आणि मग पुन्हा डफ-तुणतुण्याकडे वळला. संस्कृतातसुद्धा लावणी लिहिली त्यानं. त्याच्यावर १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' हा सिनेमा निघाला, त्याची गाणी लिहिली आमच्याच जिल्ह्यातल्या माडगूळकरांनी. गदिमा मॅट्रिकला गणितात अडकलेले. असो, विषय भरकटतोय.

आता चित्र आलं कुठून ते. माझ्या मते 'पिंजरा'तून. १९७२ साली शांतारामबापूंचा हा सिनेमा आला आणि आमच्या सगळ्या पिढीनं तो पाहिला, मी जत्रेतल्या तंबूत पाहिला. आदर्श मास्तर, गावाला वळण लावणारा. तमाशाला गावाबाहेर घालवायला जातो आणि स्वतःच नाचणारणीत गुंतून गाव सोडतो. मेलेल्या दुसऱ्याच माणसाला गाव मास्तर समजतं, मास्तरचा पुतळा उभा राहतो, आणि शेवटी हा स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातो. डॉ. लागूंचा तो फडातला चेहरा विसरणं शक्य नाही. ही कथा मुळात आपली नव्हेच. 'ब्लू एंजल' नावाचा १९३० सालचा जर्मन सिनेमा, तो हाइनरिश मान ह्याच्या १९०५ सालच्या कादंबरीवरचा. तिथल्या प्रोफेसरचा शेवटी विदूषक होतो.

इतक्या वर्षांनी माझ्या लक्षात आलं ते हे, की पिंजऱ्यातला मास्तर फडात जाऊन एकही गाणं लिहीत नाही! शिकलेला माणूस, भाषेचा मास्तर, रात्रंदिवस कानावर लावणी पडतेय, आणि त्याला एक कडवं सुचत नाही. तो फक्त घसरत जातो. पटकथेला तेवढंच हवं होतं.

आणि त्या सिनेमातल्या लावण्या लिहिल्या कुणी? जगदीश खेबुडकरांनी. कोल्हापूरजवळच्या हळदीचे, १९३२ चा जन्म, पेशानं शाळामास्तर. घर १९४८ च्या जाळपोळीत गेलेलं. ह्या मास्तरांनी शाळा सोडली नाही. दिवसा फळा-खडू आणि उरलेल्या वेळात अडीच हजारांवर चित्रपटगीतं. म्हणजे पडद्यावरचा मास्तर ज्या लावणीपायी बरबाद होतो, ती लावणी दुसऱ्या एका मास्तरनं हजेरीपट बाजूला ठेवून लिहिलेली. शिवाय पडद्यावरचा मास्तर झालेले लागू हे स्वतः कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ साली चालता दवाखाना सोडून नाटकात आलेले. ज्यांनी त्या कथेला सरळ सरळ खोटं ठरवलं त्यांनीच ती आम्हाला खरी वाटेल अशी सांगितली. दाजी, तुमची काही चूक नाही!

भाच्याला बापूराव माहीत आहेत, पण तो दाखला देतो क्रिस क्रिस्टॉफरसनचा. मीही मग वाचून काढलं. टेक्सासचा पोरगा, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकला, मग सैन्यात हेलिकॉप्टर चालवलं. १९६५ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवायची नेमणूक मिळाली. ती न घेता गाणी लिहायला नॅशव्हिलला गेला आणि रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत झाडू मारायची नोकरी धरली. आईवडिलांनी संबंध तोडले. पुढे मोठा झाला, २०२४ साली गेला. "बघा मामा," भाचा म्हणतो. मी बघितलं. पण मोठे झालेल्यांचीच नावं आपल्यापर्यंत पोचतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी कुणी सांगायला नको.

बापूरावांची मात्र सगळीच गोष्ट आपल्यापर्यंत पोचली आहे, आणि ती नुसती नाव कमावण्याची नाही.

ते मुंबईत गाजले ते पवळाच्या साथीनं. पवळा भालेराव, संगमनेरकडच्या हिवरगावची, महार समाजातली. बापूरावांची लेखणी आणि पवळाचं रूप-गळा-नाच अशी ती जोडी. लोक तिकिटाला तुटून पडायचे. कोल्हापूरला शाहू महाराजांपुढे त्यांनी 'मिठाराणी'चा वग केला. मराठी पुस्तकांत ही कहाणी प्रेमाची आणि त्यागाची म्हणून येते: ब्राह्मणानं पवळासाठी जात सोडली. मीही वर्गात वर्षानुवर्षं तशीच सांगितली. आता सांगायला धजणार नाही. बापूरावांनी सोडलं, म्हणून त्याला त्याग म्हणायचं. पवळाकडे सोडायला काय होतं? ती फडात होती तर ती तिच्या जातीची रीत, आणि हा फडात आला तर बंड. एकाच फळीवर दोघं उभे, पण एकाला मान आणि दुसरीला नजरा.

डॉ. आंबेडकरांनी हे बरोबर ओळखलं होतं. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं, आणि महार बायकांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारलं, अशी हकीकत सांगतात. शैलजा पैक ह्यांच्या तमाशातल्या बायकांवरच्या २०२२ सालच्या इंग्रजी पुस्तकात पवळाबाईंची बाजू नीट मांडलेली आहे, मिळालं तर जरूर वाचा. मला ते वाचून दोन दिवस बेचैन व्हायला झालं. तीस वर्षं एक गोष्ट अर्धी शिकवली ह्याचं ते बेचैन होणं होतं.

पुढे जोडी तुटली. बापूरावांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि १९४५ साली पुण्यात ते वारले.

आता पेठ नाक्यावर परत या. इस्लामपूरकडे न वळता हमरस्त्यानं कऱ्हाडच्या बाजूला थोडं गेलं की वाटेगावचा फाटा. हरणाक्ष आणि वाटेगाव, एकाच वाळवा तालुक्यातली गावं. वाटेगावात १९२० साली तुकाराम भाऊराव साठे जन्मले, आपले अण्णाभाऊ. बापूराव तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते.

अण्णाभाऊंना शाळा सोडायचा प्रश्नच आला नाही, शाळेनंच त्यांना धरलं नाही. दीड दिवसाची शाळा, असं म्हणतात. मांगवाड्यातलं पोर, कुणाला त्याची पडलेली? १९३१ साली बापाबरोबर चालत मुंबई गाठली. चालत! आम्ही व्होल्वोत बसून कंबर दुखते म्हणतो. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पोस्टरं बघत अक्षरं जुळवली. मिळेल ते काम केलं, गिरणीत राबले, आणि घरच्याच तमाशाचं अंग असल्यामुळे तेच हत्यार हातात घेतलं. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला वंदन, आणि गौळण काढूनच टाकली. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळची त्यांची 'माझी मैना' ही छक्कड माझ्या वडिलांना तोंडपाठ होती, आणि ते राजकारणात काडीचंही नव्हते. १९५९ साली 'फकिरा' आली, तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, रशियाला जाऊन आले. आणि १९६९ साली गोरेगावच्या वस्तीत, एकोणपन्नासाव्या वर्षी, हलाखीतच गेले.

एक दप्तर सोडून आला, दुसऱ्याला दप्तर कुणी दिलंच नाही. दोघेही ढोलकीच्या त्याच ठेक्यावर भेटले आणि दोघांचाही शेवट जवळपास सारखा झाला. आज दोघांवरही पीएच. डी. होतात. माझ्या हाताखालीच अण्णाभाऊंवर एक प्रबंध झाला. विद्यार्थिनी हुशार होती, तिनं चारशे पानं लिहिली, आणि त्यात एकही ओळ गाऊन दाखवता येईल अशी नव्हती. चूक तिची नाही, तसं लिहायला आम्हीच शिकवलं.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. जवळजवळ तासभर. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणताय ते खरं आहे, पण मी नेमकं सोडतोय काय ते तरी बघा. दर जूनला नवी मुलाखत. तासाचे पैसे, तेही कधी दिवाळीनंतर. बापूरावांनी वतन सोडलं. माझ्याकडे कुठलं वतन आहे?"

ह्यावर मी गप्पच झालो. खरं सांगतो, मला हे दिसलंच नव्हतं. मी त्याच्याकडे माझ्या नोकरीच्या खुर्चीतून बघत होतो, कायम नेमणूक, वेतन आयोग, पेन्शन. प्राध्यापकी हे एक वतन होतं आणि ते माझ्या पिढीबरोबर बरंचसं संपलं. माझी पेन्शन येते म्हणून मी त्याला 'स्थैर्य सोडू नकोस' सांगणार, आणि त्याच्या हातात स्थैर्य कधी आलेलंच नाही. मला वाटत होतं त्याची गोष्ट बापूरावांसारखी आहे. पुरती तशी नाही. अण्णाभाऊंसारखी तर मुळीच नाही, त्याला घर आहे, आई आहे, शिक्षण आहे, नेटचं प्रमाणपत्र आहे. मधलीच कुठली तरी आहे, आणि तिला अजून नाव पडलेलं नाही.

एकच प्रश्न मी त्याला विचारला. "तुमच्यात संबळ वाजवतो तो कोण?"

म्हणाला, गोंधळ्याच्या घरचा आहे, बापाकडून शिकला.

"पैसे सारखे वाटून घेता?"

जरा थांबला. "गाणी माझी आहेत ना मामा, म्हणून माझा वाटा थोडा जास्त ठेवलाय."

मी म्हटलं, पवळाबद्दल सांगितलं ते पुन्हा एकदा ऐक. तो हसला नाही, हे मला बरं वाटलं. चार दिवसांनी त्याचा निरोप आला की चौघांत सारखे वाटे ठरलेत.

पीएच. डी. मात्र पुरी करायची असं मी त्याला बजावलंय, त्यानं 'बघू' म्हटलंय. त्याच्या गाण्यांची वही माझ्याकडे आहे. सगळी कळली असं म्हणणार नाही, पण वारणेच्या पुरावरचं एक आहे, ते वाचताना वही खाली ठेवून मला थोडा वेळ खिडकीशी उभं राहावं लागलं. शुद्धलेखनाच्या सतरा चुका निघाल्या, लाल पेनानं खुणा केल्यात, सवय जात नाही.

ताई, तू हे वाचशीलच, दाजींनाही वाचून दाखव. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला त्यांचा पहिला तिकीट लावून कार्यक्रम आहे. मी तीन तिकिटं काढलीत. दाजी नाही म्हणाले तरी त्यांचं तिकीट परत करणार नाही.